रम्पोल दुसऱ्यांदा कसा बघायचा: माणशी तीन शेंगदाणे

जुनी ब्रिटिश सिरियल पहिल्यांदा बघायला काही लागत नाही, सोफा आणि सबटायटल पुरे. पण तोच एपिसोड दुसऱ्यांदा बघायचा असेल, तोही सहा जणांनी मिळून, आणि त्या सहातले एक जन्मभर हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात वकिली करून रिटायर झालेले काका असतील, तर मात्र तयारी लागते. आम्ही सुदामा नगरात गेल्या पावसाळ्यापासून दर शनिवारी हे करून राहिलोय (हो, करून राहिलोय, इंदूरची मराठी आहे, पुणेकरांनी दुरुस्त करू नये). एवढ्या दिवसांत जे जे चुकलं त्यातून हे तयार झालंय.

सिरियल म्हणजे रम्पोल ऑफ द बेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात आरोपींच्या बाजूने लढणारा एक म्हातारा, गोलमटोल, सिगार ओढणारा, कविता पुटपुटणारा बॅरिस्टर. लिहिणारे जॉन मॉर्टिमर स्वतः बॅरिस्टर होते, त्यामुळे कोर्टातली बारीकसारीक खोच बरोबर बसते. आधी 1975 साली बीबीसीवर एकच नाटक आलं, मग 1978 पासून 1992 पर्यंत थेम्स टेलिव्हिजनने 7 सिझन काढले, प्रत्येकात 6 एपिसोड. कॉमेडी म्हणावी तर मधेच पोटात खड्डा पडतो, आणि ड्रामा म्हणावा तर पुढच्या वाक्याला माई चष्मा काढून डोळे पुसते, हसून.

सुरुवात थेम्सच्या पहिल्या एपिसोडपासून करा, 3 एप्रिल 1978 ला लागलेला. गोष्ट मात्र 1967 मधली दाखवलीय. टिम्सन म्हणून एक खानदानी भुरट्या चोरांचं घराणं आहे, त्यातला 16 वर्षांचा जिम दरोड्याच्या आरोपात अडकलाय. आणि इकडे ऑफिसात, म्हणजे ते ज्याला चेंबर्स म्हणतात तिथे, हेडची खुर्ची रिकामी होणारे, कारण सध्याचे हेड म्हणजे रम्पोलचे सासरेबुवा रिटायर होतायत. शेवट काय होतो ते सांगून टाकायला मला काही वाटत नाही, दुसऱ्यांदा बघण्याबद्दलच तर लिहितेय.

आता सामान. आमच्याकडे डीव्हीडीचा डबा भाच्याच्या मित्राने लेस्टरहून आणला. घरचा प्लेअर म्हणाला चालवणार नाही. कारण साधं आहे, डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालायची त्याचा नंबर असतो, त्याला रीजन म्हणतात, ब्रिटनच्या डिस्क रीजन 2 च्या असतात आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन 5 चे, फक्त काही प्लेअर सगळ्या रीजनचे येतात ते चालतात. लॅपटॉपच्या ड्राइव्हचं रीजन बदलता येतं पण साधारण पाचच वेळा, मग ते कायमचं लॉक होतं, म्हणून उत्साहात उगाच बदलत बसू नका. जुना लॅपटॉप 2 वर टाकून ठेवला आणि वायरने टीव्हीला जोडला, काम झालं. डबा अमेरिकेतून येणार असेल तर रीजन 1, म्हणजे परत वेगळी भानगड.

दुसरी गोष्ट, चित्राचा आकार. ही सिरियल जुन्या चौकोनी टीव्हीसाठी केलेली, 4:3. आजचा टीव्ही हुशारी करून ती दोन्हीकडून ताणतो आणि सगळे जाडे दिसतात. रम्पोल मुळातच गोल, त्यामुळे आम्हाला पहिली वीस मिनिटं पत्ताच नाही, मग त्याची बायको हिल्डा आली आणि तिचा चेहरा पोळपाटाएवढा दिसला तेव्हा कुठे भाचा ओरडला, अरे रिमोट द्या इकडे. सेटिंगमध्ये जाऊन 4:3 करा, बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या, आत्याला वाटेल टीव्ही बिघडला, तिला समजवा. आणि ते हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग असतं तेही बंद करा.

एक अजून दिसेल, त्या काळच्या ब्रिटिश सिरियलींमध्ये खोलीतले सीन व्हिडिओ कॅमेऱ्यावर आणि बाहेरचे बरेचदा फिल्मवर घेतलेले असायचे, म्हणून माणूस दारातून बाहेर पडला की चित्राचा पोतच बदलतो. जुन्या सिरियली लावाल तर हे कुठे ना कुठे भेटणारच, प्रिंट खराब आहे म्हणून तक्रार करू नका.

खाणं. इंदूरच्या घरात हे लिहायला जीव होत नाही, पण शेव नको. कुरकुरते. रम्पोल अर्ध्या गोष्टी तोंडातल्या तोंडात बोलतो, नेमक्या त्याच भारी असतात, आणि त्याच वेळी कोणीतरी लवंगी शेवेचा बकाणा भरतो. आम्ही साबुदाण्याची खिचडी करतो, वरून जीरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, मऊसूत, आवाज शून्य. चहा मधल्या ब्रेकला. ब्रेक कुठे घ्यायचा हाही प्रश्न नाही, कारण थेम्सची ही सिरियल आयटीव्ही या खाजगी चॅनेलवर लागायची, तिथे जाहिराती असायच्या, त्यामुळे एपिसोड मुळातच तुकड्यांत लिहिलाय, प्रत्येक तुकडा अशा ठिकाणी संपतो की माणूस जाहिरात संपायची वाट बघेल. तिथेच थांबा. मधेच कुठेतरी थांबवून चहा केलात तर सीन मोडतो.

आता मुख्य अडचण, वकीलकाका. पहिल्या शनिवारी पन्नासेक मिनिटांचा एपिसोड आम्ही पावणेतीन तास बघितला. दर दोन मिनिटांनी, "थांबव रे, हे समजून घ्या." एकदा तर त्यांनी आरोपीच्या उलटतपासणीच्या मधे आपली 1984 ची एक केस पूर्ण सांगितली, अपिलासकट. पण काका नकोत असंही नाही, कारण ते नसतील तर अर्धी मजा कळतच नाही. म्हणून शेंगदाणे.

नियम असा: एपिसोड सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाच्या वाटीत तीन भाजलेले शेंगदाणे. थांबवायचं असेल तर एक खायचा. तीन संपले की तोंड बंद, शेवटपर्यंत. उधार-उसनवार नाही. माईने एकदा आपला एक काकांना दिला तर आत्याने ऑब्जेक्शन घेतलं, आणि काकांनीच ते सस्टेन केलं. (योगायोग बघा, त्या एपिसोडात जिमच्या विरुद्ध साक्ष देणाऱ्या पोराचं टोपणनावच पीनट्स आहे, पीनट्स मॉलॉय. नियम आधीचा, आम्ही ठरवून केलं नाही.)

शेंगदाणा कुठे खर्च करावा हे काकांनी आता बरोबर शिकलंय. पहिला जातो सॉलिसिटर आणि बॅरिस्टर यांच्या फरकावर. आपल्याकडे एकच वकील अशिलाशी बोलतो, वकीलपत्र घेतो आणि कोर्टात उभाही राहतो. तिथे अशील आधी सॉलिसिटरकडे जातो, तो कागद बांधून बॅरिस्टरकडे पाठवतो, त्याला ब्रीफ म्हणायचं, आणि म्हणून चेंबर्सच्या क्लार्कला एवढा भाव, कोणाच्या टेबलावर कुठलं ब्रीफ पडणार ते त्याच्या हातात असतं. हे माहीत नसेल तर रम्पोल आपल्याच ऑफिसच्या क्लार्कशी एवढा गोड का बोलतो ते कळत नाही.

दुसरा ज्युरीवर. आपल्याकडची ज्युरी आधीच मोडत आली होती आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती उरलीच नाही, त्यामुळे आपल्याला सवय आहे जजकडे बघून बोलणाऱ्या वकिलाची. रम्पोल जजशी बोलतोय असं दाखवतो पण खरं बोलत असतो त्या बारा जणांशी. जजने झापलं की त्याला आतून आनंद होतो, कारण बारा जणांना म्हाताऱ्याची दया येते. काका म्हणाले, "हे मी इथे केलं असतं तर घरी बसलो असतो."

तिसरा बहुतेक वेळा सोनेरी धाग्यावर. रम्पोल हे सारखं म्हणतो, गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षाची, हा इंग्लिश कायद्यातला सोनेरी धागा. हे त्याच्या पदरचं नाही, 1935 सालच्या वूलमिंग्टन खटल्यात लॉर्ड सँकींनी लिहिलेलं आहे. एका तरुण शेतमजुराच्या बंदुकीतून गोळी सुटून बायको गेली, तो म्हणाला चुकून सुटली, आणि खालच्या कोर्टाने धरलं की चुकून सुटली हे त्यानेच सिद्ध करायचं. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, ते उलटवलं. आपल्या कोर्टांतही हा धागा सारखा काढतात, काकांना तोंडपाठ आहे, आणि रम्पोल म्हणायला लागला की काका बरोबरीने म्हणतात, त्याला शेंगदाणा लागत नाही असं आम्ही मतदानाने ठरवलंय.

पण मला खरं सांगायचंय ते पुढे आहे. पहिल्यांदा आपण बोलणाऱ्याकडे बघतो, ते बरोबरच आहे, गोष्ट कळायला पाहिजे. दुसऱ्यांदा मात्र बोलणाऱ्याकडे बघायचंच नाही. जो गप्प आहे त्याच्याकडे बघा. आम्ही चिठ्ठ्या टाकतो, ज्याच्या वाट्याला जो येईल त्याने एपिसोडभर फक्त त्या माणसाचा चेहरा धरायचा, तो सीनमध्ये नसेल तेव्हा तुम्ही मोकळे.

मला पहिल्यांदा हिल्डा आली होती आणि मी वैतागले होते. रम्पोल तिला पाठीमागे जे नाव देतो त्याचा अर्थ जिचा हुकूम मोडायचा नाही अशी ती. आत्या म्हणाली, मग आपल्याकडे त्याला होम मिनिस्टर म्हणतात, त्यात काय नवीन. आणि खरंय, पहिल्यांदा बघताना तो विनोद चार वेळा हसवतो आणि पाचव्या वेळी कंटाळा येतो. पण मी त्या शनिवारी फक्त तिच्याकडे बघत होते. ही बाई मावळत्या हेडची मुलगी. लहानपणापासून तिने घरात तो मान बघितलाय. नवरा बापाच्या खुर्चीत बसेल ह्या एका आशेवर तिने त्याची सिगारची राख, स्वस्तातली रेड वाइन, मळका कोट सगळं चालवून घेतलंय, आणि खुर्ची जाते गथ्री फेदरस्टोनला, गुळगुळीत बोलणारा, खासदार, परवा परवा आलेला. रम्पोल त्यावर कोटी करून मोकळा होतो. कोटी तिच्यासाठी नसतेच. पेगी थॉर्प-बेट्स नावाच्या बाईंनी ते काम केलंय, आणि त्या जो चेहरा करतात तो मी आमच्या घरात बघितलाय, आजोबांना बढती मिळाली नाही त्या वर्षी आजीचा.

(हिल्डा पुढे बदलते बरं का, चौथ्या सिझनपासून मॅरियन मॅथी, आणि 1975 च्या नाटकात तिसरीच होती. घाबरू नका. माई अजूनही थॉर्प-बेट्सच्या बाजूची आहे.)

ज्याला रम्पोल येईल त्याने डोळे बघावेत. रम्पोलचं काम करणारे लिओ मॅकर्न सिडनीचे, पंधराव्या वर्षी कारखान्यातल्या अपघातात डावा डोळा गेला, तो काचेचा. एकाच डोळ्याने माणूस किती काम करून घेतो ते एकदा नीट बघा, साक्षीदाराकडे वळताना आधी मान येते, मग डोळा. हे कळल्यावर उलटतपासणी वेगळीच दिसायला लागते.

एपिसोड संपला की लगेच लाइट लावू नका. नावं येतात तेव्हा जोसेफ होरोविट्झ यांचं संगीत आहे, त्यात बासून नावाचं एक जाड आवाजाचं वाद्य आहे, रम्पोल चालतो तसंच वाजतं. ते होऊ द्या. आणि मग "आवडलं का" असं विचारू नका, त्यावर सगळे हो म्हणतात आणि चपला शोधायला लागतात. विचारा, निकालाच्या वेळी तू कोणाकडे बघत होतास. एवढ्यावर आम्ही एकदा साडेदहाला घराबाहेर पडून सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, पोचेपर्यंत भांडलोय, गाडीत पाच जण आणि भुट्ट्याचं कीस समोर येईपर्यंत मुद्दा चालूच.

त्या शनिवारी काकांना चिठ्ठीत जिम आला होता, तो 16 वर्षांचा पोरगा. ते नाराज, म्हणे याला बोलायलाच कुठे आहे. पहिले दोन शेंगदाणे नेहमीप्रमाणे गेले. ज्युरी निकाल सांगायला परत आली तेव्हा एक शिल्लक होता, आणि आम्ही सगळे वाट बघत होतो की आता थांबवतील, कारण इथे ते हमखास काहीतरी सांगतात. थांबवलं नाही. शेंगदाणा चिमटीत धरून नुसते फिरवत बसले, साल निघून मांडीवर पडलं.

नंतर सराफ्यात, दुकानासमोर उभे असताना म्हणाले, "निकालाच्या वेळी मी कायम जजकडे बघायचो. अशील माझ्या पाठीमागे असायचा. वळून एकदाही बघितलं नाही." मग म्हणाले कीस जरा तिखट आहे.

तो तिसरा शेंगदाणा त्यांनी खिशात टाकला होता. पुढच्या शनिवारी तो काढून चौथा पॉज मागितला. दिला नाही.