घरच्या दुधासाठी शेळी: धार आणि खुराक

घरी दूध हवे म्हणून शेळी घ्यायची, तर ती बोकडांच्या बाजारात वजनावर निवडू नये. नगर-नाशिककडची संगमनेरी किंवा खानदेशातली सुरती पाहावी. उस्मानाबादी काटक असते आणि जुळी करडे देण्यात तिचा हात धरणारी जात विरळा, पण तिची ख्याती मांसासाठी. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, नुकती व्यालेली शेळी घ्यावी आणि व्यवहाराआधी समोर धार काढून पाहावी. धार काढल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबली पाहिजे. तरीही ती टणक, भरलेली दिसली तर ते मांस समजावे, दूध नव्हे. दोन्ही सड सारखे आणि मूठ बसेल इतके लांब हवेत. चांगल्या घरगुती शेळीकडून दिवसाला लिटरभर दूध मिळाले तरी चहापाणी भागते. तीन लिटर सांगणाऱ्या विक्रेत्याकडे दोन वेळा मुक्काम करून धार बघावी.

बसून धार काढायला दीड फूट उंच, साडेतीन फूट लांब लाकडी ओटा करावा. पुढे गव्हाण आणि मान अडकवायची फट. त्यात खुराक टाकला की चार दिवसांत शेळी आपणहून ओट्यावर चढते.

हात आणि नखे स्वच्छ करून कास कोमट पाण्याने पुसावी व कोरड्या फडक्याने टिपावी. ओली कास पिळली की घाण पाणी सडावरून भांड्यात उतरते. सडाच्या बुडाशी अंगठा आणि तर्जनी यांची कडी घट्ट आवळायची, म्हणजे दूध वर परत जात नाही. मग मधले, अनामिका, करंगळी अशी बोटे क्रमाने मिटायची. मूठ सैल केली की सड पुन्हा भरतो. सड खाली ओढायचा नाही आणि अंगठा दुमडून त्याच्या गाठीने दाबायचाही नाही. त्याने आतली त्वचा दुखावते आणि पुढे कासदाह होतो. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत घ्याव्यात. गुठळी, पाण्यासारखे दूध किंवा रक्ताची छटा दिसली तर ते दूध फेकून द्यावे आणि पशुवैद्याला बोलवावे. दूध एरवी ठीक असेल तर पाच-सात मिनिटांत काम आटपते. फार रेंगाळले तर पान्हा ओसरतो. शेवटी सड पोव्हिडोन आयोडिनच्या द्रावणात बुडवावेत आणि अर्धा तास शेळीला बसू देऊ नये, कारण सडाचे तोंड तेवढा वेळ उघडे असते. पुढ्यात वैरण टाकली की ती उभीच राहते.

दूध लगेच मलमलच्या कापडातून गाळावे, भांडे थंड पाण्यात ठेवावे आणि पिण्याआधी उकळावे. ब्रुसेलोसिस हा जनावरांचा तापाचा रोग कच्च्या दुधातून माणसाला होतो. ‘शेळीच्या दुधाला वास येतो’ ही तक्रार बहुतेकदा बोकड शेजारी बांधल्यामुळे, मळक्या भांड्यामुळे किंवा दूध उशिरा गार केल्यामुळे असते.

करडांना पहिल्या तासाभरात चीक मिळालाच पाहिजे. त्यानंतर तीन-चार आठवडे दूध त्यांचेच. पुढे करडांना रात्री वेगळे बांधून सकाळी धार काढावी आणि दिवसभर त्यांना आईजवळ सोडावे. नवख्याला दोन वेळा धार काढण्यापेक्षा हे सोपे पडते.

आता चारा. शेळी गवतापेक्षा पाला खाते, म्हणून बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावून ठेवावी. सुबाभूळ हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशापुढे नको, त्यातले मिमोसीन हे विषारी द्रव्य बाधते. पस्तीस किलोच्या दुभत्या शेळीला रोज साधारण तीन किलो हिरवा चारा, पाऊण किलो तुरीचे भूस किंवा कडब्याची कुट्टी आणि दोनशे ग्रॅम खुराक द्यावा. शिवाय दर लिटर दुधामागे साडेतीनशे ते चारशे ग्रॅम खुराक दोन वेळांत विभागून.

दहा किलो खुराकासाठी: मक्याचा भरडा ४ किलो, शेंगदाणा पेंड अडीच, गव्हाचा कोंडा २, तूरचुणी १.२ किलो, खनिज मिश्रण २०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. पेंडीला बुरशी असेल तर ती टाकून द्यावी, कारण तिच्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष दुधात उतरते. पाणी दिवसभर समोर असावे. पाणी कमी पडले की दूध दुसऱ्या दिवशी कमी होते, आणि दोष मात्र पेंडीला दिला जातो.

पुष्कळ शेळ्या मालकाच्या चांगल्या मनापायी मरतात: लग्नातला उरलेला भात, भाकरीचे तुकडे, सांडलेला गहू. भरपूर धान्य एकदम पोटात गेले की आम्ल वाढते, रवंथ थांबते. चाराबदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. पावसाळ्यात दवाचे कोवळे गवत देण्याआधी कोरडी वैरण खाऊ घालावी, नाहीतर डावी कूस फुगते. पोटफुगीत तेल पाजताना तोंड उंच धरू नये, तेल फुप्फुसात जाते. आंत्रविषार या आतड्याच्या जीवघेण्या रोगाची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यावी.

गाभणपण सुमारे १५० दिवसांचे. विण्याच्या दोन महिने आधी धार बंद करावी. खुराक कमी करून आठवड्याभरात दूध आटवावे आणि शेवटच्या सहा आठवड्यांत खुराक पुन्हा हळूहळू वाढवावा.