जागच्या जागी झालेलं स्थलांतर: नवी मुंबईत घरावर फोटोमालिका कशी करावी

स्थलांतरावर फोटो काढायचे म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, मागे हायवे. २०२० च्या मे महिन्यात मुंबई-नाशिक महामार्गावर, ठाण्याच्या हद्दीत असे फोटो ढिगाने निघाले, आणि ते निघायलाच हवे होते. पण माणूस पोचला म्हणून स्थलांतर संपत नाही. पुढची तीस-चाळीस वर्षं ते दहा बाय बाराच्या खोलीत चालूच राहतं. नवी मुंबईत तर काही माणसं जागची हललीसुद्धा नाहीत. गावच त्यांच्या आजूबाजूने उठून गेलं. ही माणसं वगळून केलेली मालिका मला अर्धवट वाटते.

पहिली पायरी: तीन घरं निवडा

तीसच्या मागे लागू नका, तीन पुरतात. एक बाहेरून येऊन रुजलेल्यांचं, एक इथल्याच मूळ माणसांचं आणि एक अजून भाड्याने फिरणाऱ्यांचं.

पहिल्यासाठी कोपरखैरणे किंवा घणसोलीत जा. मशीद बंदर भागातले घाऊक बाजार तुर्भ्याला आले, तशी माथाडी कामगारांची घरंही या बाजूला आली. यातले पुष्कळ लोक सातारा, सांगली, जुन्नर भागातले. १९६९ च्या माथाडी कायद्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. आजही अनेक घरांत त्यांची तसबीर दिसेल, ती फ्रेममध्ये असू द्या.

दुसऱ्यासाठी गावठाणात शिरा. दिवाळे, करावे, शहाबाज, सारसोळे, जुहूगाव, कुठलंही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि तेव्हाच्या ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. शेत गेलं, मिठागर गेलं, घर तेवढं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. गावठाणातल्या आजोबांशी बोलताना ही एवढी माहिती गाठीशी हवी. नाहीतर ‘तुम्ही कुठून आलात?’ असं विचारून बसाल आणि चहा न मिळता परताल. विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांतलं एखादं कुटुंब ओळखीचं असेल, तर ते आधी घ्या. त्यांच्याकडे जुनं घर फक्त फोटोतच असण्याची शक्यता जास्त.

तिसरं घर शोधावं लागत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारं कुणीतरी तुमच्याच मजल्यावर असेल.

दुसरी पायरी: पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच

‘घर म्हणजे तुमच्यासाठी काय?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर भाषणासारखं येतं. त्याऐवजी व्यवहारातलं विचारा. मतदान कुठे करता? गॅसचं कार्ड कुठल्या पत्त्यावर आहे? गावच्या जत्रेला यंदा कोण गेलं? मुलीच्या लग्नपत्रिकेवर पत्ता कुठला छापला? पत्रिका मागाच. वर मु. पो., तालुका, जिल्हा आणि खाली सेक्टर, प्लॉट नंबर, रूम नंबर, असे दोन पत्ते एकाच कागदावर मिळतात. वरचा कुठला आणि खालचा कुठला, यावरून घरात वाद झालेला असतो. तो ऐका, मग त्या पत्रिकेचा फोटो काढा. माझ्या मते कुठल्याही पोर्ट्रेटइतकंच ते काम करतं.

तिसरी पायरी: खिळे बघा

खोलीत गेल्यावर नजर माणसांवरून भिंतीवर न्या. भाड्याच्या खोलीत घरमालक खिळा ठोकू देत नाही. त्यामुळे देव फ्रिजवर बसतात, लग्नाचा फोटो कपाटाला टेकून उभा असतो आणि घड्याळ चिकटपट्टीच्या हुकावर जरा तिरकं लटकतं. घर मालकीचं झालं की पहिल्याच महिन्यात खिळ्यांची गर्दी होते. कॅलेंडर, आईवडिलांचे हार घातलेले फोटो, पोरांची मेडल्स. एकाच कुटुंबाच्या दोन्ही भिंती मिळाल्या, तर शेजारी शेजारी ठेवा.

मग खाली वाका. पलंगाखाली गावाहून आलेल्या ज्वारीचं निळं पिंप असतं, त्याच्या झाकणावर इस्त्रीची चादर. माळ्यावर पितळी हंडा असतो, जो वापरत कुणी नाही आणि भंगारात द्यायलाही कुणी तयार नाही. या वस्तू जिथे आहेत तिथेच टिपा. फोटोसाठी ओट्यावर मांडून घेतल्या की त्यांचं प्रदर्शन होतं.

गावठाणात उंबऱ्याकडे लक्ष द्या. रस्ता वर्षानुवर्षं भर पडून उंच झालेला आणि जुनं घर खाली गेलेलं, म्हणून आत जायला पायऱ्या उतराव्या लागतात. शहर चढत गेल्याचं याहून सोपं चित्र नाही.

घर बदलत जातं, ते एका जागी बघायचं असेल तर बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला एक चक्कर मारा. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेली ही वसाहत. सात-सात घरं एका लहान अंगणाभोवती, आणि एका घराची भिंत दुसऱ्याला लागलेली नाही, कारण प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे आपलं घर वाढवावं असा मूळ विचार होता. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की काही ठिकाणी मूळ घर शोधावंच लागतं. उतरतं छप्पर आणि त्याला खेटून तीन मजली काचेचा बंगला एकाच चौकटीत मिळाला, तर फोटोओळ लिहायची गरजच नाही.

चौथी पायरी: मोबाइल पुरतो, एक-दोन पथ्यं पाळा

खोली लहान आहे म्हणून ०.५ ची वाइड लेन्स लावू नका. दहा बाय बाराची खोली तीत हॉलसारखी दिसते, आणि जागेची अडचण हाच तर तुमचा विषय आहे. दारात उभं राहून १x वर काढा, मावेल तेवढं मावू द्या. माणसाचा चेहरा घेताना २x वर जाऊन जरा मागे सरका, म्हणजे नाक मोठं दिसत नाही. फोन छातीच्या उंचीवर सरळ धरा, दाराच्या चौकटी उभ्या राहतात.

ट्यूबच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे आले तर घाबरू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. फ्लॅश नको. आणि ‘ट्यूब बंद करा, खिडकीचा उजेड छान आहे’ असंही सांगू नका. ज्या घरात दिवसाही दिवा लावावा लागतो, तिथे तो दिवा फोटोत लागलेलाच असावा.

जुन्या अल्बममधले फोटो पुन्हा टिपायचे असतील, तर अल्बम खिडकीशेजारी सपाट ठेवा, ऊन थेट पडू देऊ नका, फोन बरोबर वर समांतर धरा. प्लास्टिकची चमक येत असेल तर फोनमागे काळी ओढणी धरायला सांगा. फोटोची मागची बाजूही टिपा, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख बहुधा तिथेच असते.

पाचवी पायरी: दिवस निवडा

गणपतीत या. त्या आठवड्यात ठाण्यात कोकणातल्या माणसांच्या दारांना कुलपं असतात, बाहेर दुधाची रिकामी पिशवी अडकवलेली. त्याच दिवशी गावठाणातल्या आगरी-कोळी घरांत पाय ठेवायला जागा नसते, कारण त्यांना जायला दुसरं गाव नाही. दोन्ही एकाच दिवशी काढा. चैत्रात साताऱ्याकडच्यांच्या जत्रा, कोळीवाड्यात नारळी पौर्णिमा, उत्तर भारतीयांची तलावाकाठची छठपूजा, ही यादी आपापल्या तीन घरांप्रमाणे ठरवा.

सहावी पायरी: परवानगी, आणि तीही दोनदा

एकदा काढण्याआधी, एकदा दाखवण्याआधी. भाडेकरूला आणखी एक धोका असतो: करारात चार माणसं आणि फोटोत सात दिसली, तर खोली हातची जाऊ शकते. भिंतीवरचं वीजबिल, दाराचा नंबर, आधारची झेरॉक्स, पोराच्या शाळेचा गणवेश चौकटीत आहे का, ते तपासा. फोनमधलं लोकेशन बंद ठेवा. परवानगी तोंडी असली तरी चालेल, पण आवाज रेकॉर्ड करून ठेवा. लहान मुलांसाठी आईवडिलांना विचारा, आणि मूल लाजत असेल तर विचारूही नका.

सातवी पायरी: लावणं आणि दाखवणं

शेवटी बारा ते पंधरा फोटो ठेवा. स्टुडिओतून पोस्टकार्डाएवढ्या प्रती काढून फरशीवर पसरा, स्क्रीनवर क्रम लागत नाही. वर्षाच्या क्रमाने लावू नका. गावठाणाच्या उंबऱ्याशेजारी भाडेकरूचं फ्रिजवरचं देवघर ठेवून बघा, जमतंय का. खाली ओळ छोटी आणि ठोस: मूळ गाव, तालुका, इथे आल्याचं साल, आताचं ठिकाण, फोटोची तारीख. नाव हवं असेल तरच. ‘मुळांचा शोध’ वगैरे शब्द टाळा.

पहिलं प्रदर्शन त्या तीन घरांतल्या लोकांपुढेच करा. सोसायटीचं ऑफिस किंवा गावठाणातल्या देवळाचा मंडप चालेल, क्लिपांनी दोरीवर टांगले तरी पुष्कळ. एखाद्या काकू ‘हा काढून टाका, यात घर फार गरीब दिसतंय’ म्हणाल्या, तर काढून टाका, तुम्हाला तो कितीही आवडत असला तरी. त्या जागी कुठला लावायचा, हेही त्यांनाच विचारा.