बुटाची लेस सुटते? या चुका टाळा

बेळगावात सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मी पहाटे पळवतो. दम, आहार, बूट, सगळ्याची चौकशी होते. लेस कशी बांधायची, हे मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही. लहानपणी आलं ते आलं, असं सगळे धरून चालतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पहिली अढी आणि वरच्या फुलाचा वेढा, दोन्ही एकाच दिशेने घेणं. त्याने उलटी गाठ बसते. गाठ मारून खाली बघा. फुलाच्या पाकळ्या बुटावर आडव्या, डावी-उजवीकडे पडल्या तर बरोबर. एक बोटांकडे आणि दुसरी घोट्याकडे वळली, तर ती सुटणारच. दुरुस्ती फक्त पहिल्या अढीत करा. उजवी लेस डावीवरून नेत असाल, तर आता डावी उजवीवरून न्या. पुढचं फूल नेहमीसारखंच करा. आठवडाभर हात अडखळतील, अडखळू द्या. दोन दिवसांत कंटाळून जुन्या सवयीवर जाणारी पोरं मी बघतो आणि मला वाईट वाटतं.

खानापूरकडचा एक पोरगा होता, पळायला चांगला. १६०० मीटरच्या चाचणीत, म्हणजे ४०० च्या चार फेऱ्यांत, तिसरीला त्याची लेस सुटली. वाकून बांधेपर्यंत वेळ हुकली. "सर, सुरवातीला घट्ट होती की!" म्हणत तो रडला. खरंच घट्ट होती. २०१७ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी ट्रेडमिलवर धावणाऱ्या बुटाचं स्लो मोशन चित्रण केलं. पाऊल आपटतं तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट हिसका बसतो आणि ती सैलावते, तर हेलकावणारी मोकळी टोकं तिला बाहेर ओढतात. बराच वेळ काहीच दिसत नाही. एकदा घसरायला लागली की दोन-चार पावलांत संपलं. उलटी गाठ त्यांच्या प्रयोगातही जास्त वेळा सुटली.

घाबरून त्या पोराने दुसरी चूक केली. फुलावर आणखी एक गाठ मारली, दात लावून आवळली. जुलैचा पाऊस, मैदानात लाल चिखल. सराव संपल्यावर निरगाठ बसलेली. नखं दुखली, दात लावले, शेवटी ब्लेडने लेस कापली. घरी म्हशीचं दावं खुंट्याला बांधताना हाच पोरगा एका हिसक्यात सुटेल अशी सुरगाठ मारतो! बुटाजवळ आल्यावर ती अक्कल कुठे जाते, मला कळत नाही.

वर गाठ चढवू नका. मी असं करतो: पहिली पाकळी धरायची, दुसऱ्या लेसचे तिच्याभोवती एकाऐवजी दोन वेढे घ्यायचे, मग मधून ओढून दुसरी पाकळी काढायची. धरून राहते आणि टोक ओढलं की सुटते. दोन वेढ्यांनी उलटी गाठ सुलटी होत नाही, म्हणून आधी पहिली अढी सुधारा.

गोल, गुळगुळीत नायलॉनच्या लेस घसरतात. पुढच्या वेळी गणपत गल्लीत गेलात की चपट्या सुती लेस मागून घ्या. टोकं जमिनीला लागतील इतकी लांब नकोत. उरलेलं टोक बुटावरच्या आडव्या लेसखाली खोचा.

टाच मागे ठोकून बसवल्याशिवाय बांधायला घेऊ नका. पाय आत सरकला की कुठलीही गाठ सैल पडते. नुसती वरची दोन भोकं आवळून उपयोग नाही, बोटांपासून वरपर्यंत ओढत या.

लेस न सोडता टाच दाबून बूट काढायची सवय तर आजच मोडा. ओल्या बुटाची लेस घरी पोचताच सोडा. तशीच वाळली तर दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधारात, ती गाठ सोडवत बसाल आणि बाकीचे दोन फेऱ्या पुढे गेलेले असतील.