स्पॅनिश शब्दाचं कुळ-मूळ आपलं आपण कसं शोधायचं

स्पॅनिश शिकायला बसलं की पहिल्याच दिवशी एक वाक्य येतं, 'मे यामो अमुक', म्हणजे माझं नाव अमुक. मीही ते पोपटासारखं पाठ केलं आणि बऱ्याच महिन्यांनी कळलं की हे 'यामो' म्हणजे लॅटिनमधलं 'क्लामो', ओरडणे, हाक मारणे, म्हणजे आपण इतके दिवस 'मी स्वतःला अमुक अशी हाक मारते' असं म्हणत होतो! तेव्हापासून नवीन शब्द दिसला की आधी त्याचं मूळ शोधायची खोड लागली ती लागलीच. ह्यासाठी लॅटिन यायला लागत नाही बरं का, चार-पाच खुणा डोक्यात असल्या की भागतं.

शाळेत तत्सम-तद्भव केलेलं असतं ना, तेच इथे चालवायचं. हस्तचा हात झाला, सप्तचं सात झालं, तशीच लॅटिन तोंडात घासून घासून झिजली. फक्त एक समज आधी काढून टाका, की स्पॅनिश पुस्तकी लॅटिनमधून आली. इ.स.पू. 218 मध्ये रोमन सैन्य उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजशी लढायला आयबेरियात (आजचा स्पेन-पोर्तुगाल) उतरलं, आणि पुढे तिथे रुजली ती शिपायांची, व्यापाऱ्यांची बोली. ग्रंथात घोड्याला 'एक्वुस' म्हणायचे पण बोलणारे म्हणायचे 'काबाल्लुस', म्हणजे साधंसं तट्टू, आणि त्या तट्टूचाच आज 'काबायो' म्हणजे चांगला घोडा झालाय. घराला ग्रंथात 'दोमुस', बोलीत 'कासा' म्हणजे झोपडी, आणि आज कुठल्याही घराला कासाच म्हणतात. म्हणून मूळ शोधताना भारदस्त शब्दाच्या मागे लागू नका, जरा हलका, रोजच्या वापरातला शब्द शोधा.

आता खुणा. सगळ्यात मजेशीर म्हणजे मुका एच. स्पेलिंग एचने सुरू होतं पण तो एच कोणी उच्चारत नाही, अशा ठिकाणी एच काढून एफ लावून बघा. मुलगा 'इखो' हा 'फिलियुस'मधून आला, पीठ 'आरिना' हे 'फारिना', मुंगी 'ओर्मिगा' म्हणजे 'फोर्मिका', आणि बोलणे 'आब्लार' हे 'फाबुलारी', गोष्टी सांगणे, गप्पा मारणे! हा बदल स्पेनच्या उत्तरेकडच्या कास्तीया भागात (तिथल्याच बोलीची पुढे स्पॅनिश झाली), बास्क भाषेच्या शेजारात झाला, आणि म्हणूनच पुष्कळ जण ह्याचं खापर बास्कवर फोडतात, अभ्यासकांचं मात्र ह्यावर अजून एकमत नाही. नियम आंधळेपणाने लावू नका पण, 'फुएगो' म्हणजे आग, 'फुएर्ते' म्हणजे बळकट, ह्यात पुढे 'उए' आल्यामुळे एफ शाबूत राहिला.

दुसरी खूण 'च'. मध्ये च दिसला तर तिथे 'क्त' ठेवून बघा: 'नोचे' रात्र, मूळ 'नोक्तेम', 'ओचो' आठ, मूळ 'ओक्तो', 'लेचे' दूध, मूळ 'लाक्तेम'. नोक्तेम वाचून संस्कृतमधलं 'नक्तम्' आठवलं असेल तर बरोबर आठवलं, एकाच घराण्यातले आहेत ते. तिसरी, शब्दाच्या सुरुवातीला डबल एल असेल, ज्याचा उच्चार आता बहुतेक ठिकाणी य होतो, तर मागे 'क्ल', 'प्ल' नाहीतर 'फ्ल' असण्याची दाट शक्यता: 'येनो' भरलेला, मूळ 'प्लेनुस', 'यावे' किल्ली, मूळ 'क्लाविस'. 'इए' आणि 'उए' अशी जोडी दिसली तर तिथे बहुतेक साधा ए किंवा ओ होता, तिएर्रा-तेर्रा, पुएर्ता-पोर्ता, बुएनो-बोनुस. आणि दोन स्वरांच्या मधला क, त, प मऊ होऊन ग, द, ब झालेला असतो, अमिकुसचा 'अमिगो', वितामधून 'विदा', लुपुसचा 'लोबो'. (स्पॅनिशमध्ये व आणि ब चा उच्चार एकच असतो, मी स्पेलिंगप्रमाणे व लिहितेय.)

आता कुणी विचारेल की मग 'क्लावे' असाही शब्द आहे त्याचं काय, तो का नाही झिजला? तर तो मागाहून आला, विद्वानांनी सरळ लॅटिन ग्रंथातून उचलला. आपल्याकडे क्षेत्रमधून शेत झालं आणि क्षेत्रही राहिलं, दोघांचे अर्थ वेगळे, अगदी तसंच 'यावे' म्हणजे खिशातली किल्ली आणि 'क्लावे' म्हणजे रहस्याची, सांकेतिक भाषेची. झिजलेला तो जुना, न झिजलेला तो पुस्तकातून आलेला, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

एकही खूण बसत नाही आणि सुरुवातीला 'अल' किंवा नुसता 'आ' आहे? मग अरबीवर संशय घ्या. 711 साली मुस्लिम फौजा स्पेनमध्ये आल्या आणि त्यांचं शेवटचं राज्य ग्रानाडा 1492 मध्ये पडेपर्यंत अरबी तिथे होती, त्यामुळे 'अल्मोआदा' उशी, 'अल्गोदोन' कापूस, 'असुकार' साखर. सगळ्यात गोड 'ओखाला', म्हणजे 'असं होवो', त्याच्या पोटात चक्क अल्ला आहे.

1492 साल तसंही विसरता येत नाही. कोलंबस निघाला त्याच वर्षी स्पेनमधल्या सालामांकात अंतोनियो दे नेब्रिखाने कास्तीयन, म्हणजे स्पॅनिशच, भाषेचं व्याकरण छापलं आणि राणी इसाबेलला लिहिलं की भाषा ही नेहमीच साम्राज्याची सोबतीण असते. जहाजं निघायची स्पेनच्या दक्षिणेकडच्या अंदालुसियातून, सेविया शहराच्या बाजूने, आणि तिथल्या उच्चाराचा ठसा अमेरिकेवर बसला. 'कासा' घर आणि 'काथा' शिकार हे माद्रिदमध्ये वेगळे ऐकू येतात, पण मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिनात दोन्ही 'कासा'. म्हणजे बोलणारा 'थ' म्हणतो का 'स' एवढं ऐकलं तरी तो कुठला ह्याचा अंदाज बांधता येतो.

अमेरिकेतले शब्द असतील तर ते कुठल्या वाटेने आले ते बघायचं. जहाजं आधी कॅरिबियन बेटांवर थांबली, तिथे ताइनो लोकांकडून 'कानोआ', 'आमाका' (झोपाळा), 'माइस' (मका), 'कासिके' (सरदार) असे शब्द घेतले आणि तेच घेऊन स्पॅनिश लोक मुख्य भूमीवर गेले, म्हणून पेरूच्या डोंगरातल्या सरदारालाही कागदोपत्री कासिकेच लिहिलेलं सापडतं, तिथला स्वतःचा 'कुराका' शब्द असून. 'तोमाते', 'आग्वाकाते', 'चिले' ही मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेची, 'पापा' म्हणजे बटाटा आणि 'कोंदोर' ही अँडीज डोंगरातल्या क्वेचुआ भाषेची.

फक्त तलवार आली आणि दुसऱ्या दिवशी सगळे स्पॅनिश बोलायला लागले असं समजू नका. मेक्सिको जिंकणारा कोर्तेस स्पॅनिशमध्ये बोलायचा, त्याचा स्पॅनिश दुभाषा आगिलार ते माया भाषेत सांगायचा, मग तिथली दुभाषी मालिन्चे मायामधून नाहुआत्लमध्ये, आणि उत्तर त्याच वाटेने परत! मिशनरी तर स्वतःच स्थानिक भाषा शिकले, स्पेनचा राजा दुसऱ्या फेलिपेने 1570 मध्ये मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांसाठी नाहुआत्ललाच मान्यता दिली. मग 1770 मध्ये तिसऱ्या कार्लोसने उलटा हुकूम काढला की बाकीच्या भाषा संपवा, कास्तीयनच चालवा. आणि खरा जोर तर स्वातंत्र्यानंतर आला, नव्या देशांच्या शाळा-कचेऱ्यांमधून. फिलिपिन्सचं बघा, 1565 ते 1898 स्पॅनिश सत्ता होती तरी भाषा घराघरात गेली नाही, कारण स्पॅनिश माणसं तिथे मोजकीच आणि पाद्री तिथल्या भाषांमध्येच काम करायचे.

आता हात साफ करायला एकच शब्द देते, 'यामा', स्पेलिंग डबल एलने. एक यामा म्हणजे ज्वाळा, खुणा लावा, 'फ्लाम्मा' निघेल. दुसरा यामा म्हणजे 'तो हाक मारतो', 'क्लामात', सुरुवातीला भेटलेलाच. तिसरा यामा म्हणजे अँडीजमधला लांब मानेचा ओझं वाहणारा प्राणी. त्यालाही क्ल, प्ल, फ्ल लावत बसाल तर काहीच निघणार नाही, तो क्वेचुआतला शब्द आहे.