सावलीवरून पृथ्वीचा परीघ कसा मोजावा

एकाच दिवशी, उत्तर-दक्षिण दिशेने निदान पाचशे किलोमीटर अंतर असलेल्या दोन ठिकाणी उभ्या काठीची माध्यान्हीची सावली मोजायची आणि सूर्याच्या कोनांतील फरकावरून पृथ्वीचा परीघ काढायचा, ही एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाची रीत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली आहे. त्याला इजिप्तमधील अलेक्झांड्रिया आणि सायीनी या दोन शहरांमधील कोनाचा फरक ७.२ अंश, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, मिळाला होता. दुसऱ्या ठिकाणी मोजमाप करणारा विश्वासू जोडीदार मिळाला की कामाला लागावे.

जमीन पाणसळीने तपासून घ्यावी.

दोन्हीकडे घड्याळात बरोबर बारा वाजता सावली मोजावी, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. रेखांशाच्या प्रत्येक अंशामागे माध्यान्ह चार मिनिटांनी सरकते, त्यामुळे प्रत्येकाने आपापली माध्यान्ह शोधावी. अंदाजित वेळेच्या अर्धा तास आधीपासून दर पाच मिनिटांनी खूण करत जावे आणि सर्वांत आखूड सावली धरावी. माध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी फारच संथ बदलते, म्हणून एक-दोन मिनिटे इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

खरी अडचण सावलीचे टोक ठरवण्यात आहे, आणि मला सर्वांत जास्त छळले ते याच पायरीने. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून काठीच्या सावलीला धारदार टोक नसते. गडद छाया विरत विरत उजेडात मिसळते. काठी एक मीटर उंच आणि सूर्य ४५ अंशांवर असेल, तर हा धूसर पट्टा जवळपास दोन सेंटीमीटर रुंद असतो. एकाने पट्ट्याची आतली कड धरली आणि दुसऱ्याने बाहेरची, तर कोनात अर्ध्या अंशाची, म्हणजे जमिनीवरील सुमारे ५५ किलोमीटरची चूक शिरते. ‘टोक नजरेने ठरवा’ असे सांगणाऱ्यांनी ही चूक कधी मोजून पाहिलेली नसते. उंच काठी घेतल्यानेही ती टळत नाही, कारण काठीच्या प्रमाणात पट्टाही रुंदावतो.

म्हणून काठीच्या टोकावर विसंबूच नये. जाड पुठ्ठ्याला सुमारे तीन मिलिमीटरचे भोक पाडून तो जमिनीपासून एक मीटर उंचीवर स्टँडला आडवा, घट्ट बसवावा. पुठ्ठ्याच्या सावलीत सूर्याची लांबट गोल प्रतिमा उमटते. तिच्या लांबीच्या दोन्ही कडांवर टोकदार पेन्सिलीने खुणा करून मधला बिंदू घ्यावा. भोकातून सूर्याकडे चुकूनही पाहू नये, नजर जमिनीवरच ठेवावी. सावलीची लांबी म्हणून या मधल्या बिंदूचे अंतर मोजायचे ते स्टँडच्या बुडापासून नव्हे, तर भोकातून सोडलेला ओळंबा जमिनीला टेकतो त्या बिंदूपासून. उंचीही भोकापर्यंतचीच घ्यावी.

दोन ठिकाणांमधले रस्त्याचे अंतर निरुपयोगी आहे. चांगल्या नकाशावर एका ठिकाणातून पूर्व-पश्चिम रेषा काढून दुसऱ्या ठिकाणाचे तिच्यापासूनचे लंब अंतर नकाशाच्या प्रमाणाने मोजावे. अक्षांशांच्या फरकाला १११ ने गुणून हे अंतर काढणे म्हणजे उत्तर आधीच गृहीत धरणे होय, कारण तो १११ चा आकडा पृथ्वीच्या परिघातूनच आलेला आहे.

गणित सोपे आहे. समजा, एक मीटर उंचीला सावल्या ७०० आणि ८५० मिलिमीटर मिळाल्या. सावली भागिले उंची ही सूर्य माथ्यावरून जितका कललेला असतो त्या कोनाच्या टॅनची (त्रिकोणमितीतल्या गुणोत्तराची) किंमत, त्यावरून कोन ३४.९९ आणि ४०.३६ अंश, फरक ५.३७. अंतर ६०० किलोमीटर असेल, तर त्याला ३६० ने गुणून फरकाने भागल्यावर सुमारे ४०,२०० किलोमीटर येतात. ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ सुमारे ४०,००८ आहे. एकीकडे सावली उत्तरेला आणि दुसरीकडे दक्षिणेला पडत असेल, तर कोनांची वजाबाकी न करता बेरीज करावी.

परिघाला ३.१४१६ ने भागले की व्यास मिळतो, आणि त्यावरून चंद्राचे अंतरही काढता येते. चंद्रग्रहणाच्या छायाचित्रात पृथ्वीच्या सावलीच्या कडेची वक्रता मोजावी. सावली चंद्राच्या सुमारे २.७ पट रुंद भरते. तेथवर जाताना ती जवळपास एका चंद्रव्यासाने निमुळती झालेली असते, म्हणून पृथ्वी चंद्राच्या ३.७ पट धरावी. अर्ध्या अंशाची दिसणारी वस्तू तिच्या व्यासाच्या सुमारे ११० पट दूर असते, त्यामुळे उत्तर ३,८४,००० किलोमीटरच्या जवळपास येते. सूर्याचे अंतर मात्र या साधनांनी काढू नये. त्यासाठी अर्धचंद्राच्या वेळचा सूर्य आणि चंद्र यांच्यातील जो कोन मोजावा लागतो, तो ९० अंशांपेक्षा एका अंशाच्या सुमारे सातव्या भागाइतकाच कमी असतो.