नकाशावर भलतंच जहाज दिसत होतं: माझा अनुभव
धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर आहे. मुरगाव बंदर सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी जहाजांची जागा नकाशावर दाखवणाऱ्या ॲपवर त्याचं जहाज भलत्याच समुद्रात दिसायला लागलं. आईचा जीव टांगणीला. ॲप बदलूनही तेच, कारण मी नावाने शोधत होते आणि एकाच नावाची अनेक जहाजं असतात.

भावाच्या करारपत्रावर सात अंकी आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, सापडला. तो जहाज मोडीत निघेपर्यंत बदलत नाही; नऊ अंकी एमएमएसआय (जहाजाच्या रेडिओचा ओळख क्रमांक) मात्र झेंडा, म्हणजे नोंदणीचा देश, बदलला की बदलतो. आधी फक्त ते सात अंक टाकले. मग झेंडा आणि जहाजाचा प्रकार ताडून पाहिला. शेवटी जहाजाकडून आलेल्या शेवटच्या रेडिओ संदेशाची वेळ वाचली. ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) होती, म्हणून भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवले. किनाऱ्यावरचे रिसीव्हर हे संदेश साधारण ४० सागरी मैलांपर्यंतच ऐकतात, पुढे उपग्रहाची माहिती नसेल तर जुनीच जागा दिसत राहते.