गुपचूप जेवणाचा बेत आखताना

पतीला किंवा पत्नीला न सांगता घरीच दोघांपुरते खास जेवण करायचे असेल, तर गुपित बहुतेक वेळा फोडणीच्या वासाने फुटते. म्हणून पदार्थ ठरवतानाच वासाचा विचार करावा. कांदा-खोबरे भाजून केलेले वाटण आदल्या दिवशी, जोडीदार कामावर असताना, खिडक्या उघड्या ठेवून करावे आणि गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये मागे ठेवावे, म्हणजे प्रत्यक्ष संध्याकाळी रस्सा झटपट होतो. भात मात्र आधी करून ठेवू नये. शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिल्यास बाधू शकतो, शिवाय सुवासिक बेळगाव बासमतीचा दरवळ गरम ताटातच यायला हवा.

गोडाची चिंता बेळगावात कोणी करू नये. कुंदा, म्हणजे इथली खव्याची मिठाई, आदल्या दिवशी आणून शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवता येतो आणि वाढण्यापूर्वी मंद आचेवर किंचित कोमट केला की त्याचा खव्याचा स्वाद खुलतो. खडेबाजारातील खरेदी शक्यतो रोखीने करावी, कारण सामायिक खात्यातून पैसे दिल्यास त्याचा संदेश जोडीदाराच्या मोबाइलवर पोहोचू शकतो. मुलांना आजीकडे पाठवायचे असल्यास त्यांना कारण सांगू नये. त्यांच्या पोटात गुपित राहत नाही. येताना वाटेत गिरमिट (चुरमुऱ्यांचा चटपटीत पदार्थ) किंवा मिरची भजी खाण्याची जोडीदाराला सवय असेल, तर दुपारीच फोन करून, घरी पाहुणे येणार असल्याने लवकर आणि उपाशीपोटी यावे, असे सांगावे.